काढून ठेवलेला फ्यूज

फ्यूज मी बसवला. मिस्त्रीने तो काढून स्वतःच्या खिशात ठेवला होता, स्टिअरिंगला लाल कापड बांधलं होतं आणि मला दोनदा सांगितलं होतं, की सोमवारपर्यंत गाडीला किल्ली लावू नका. मी ते कापड सोडलं, दुसरा फ्यूज शोधून त्या जागी घातला आणि गाडी बाहेर काढली. पुढे जे झालं त्याचा दोष मी चारचौघांत त्याच्यावर टाकला. हे आधीच लिहून टाकतो, कारण मला माझी सवय माहीत आहे. मी आधी उन्हाळा सांगेन, मग रहदारी, मग गाडीचं वय, मग इथल्या लोकांची संथ चाल, आणि शेवटी वाचणाऱ्यालाच वाटेल की या बिचाऱ्याचं काय चुकलं? सव्वीस वर्षं एका सरकारी कंपनीच्या खरेदी खात्यात मी हेच करत आलो आहे.

गाडी वडिलांची. तीस वर्षांहून जुनी, कार्बोरेटरची. वडील कारखान्यात फिटर होते. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी ही गाडी घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने राखली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. माझी कोलकात्याला बदली झाली तेव्हा मी ती ट्रकवर चढवून इथे आणली. बायको म्हणाली, "अहो, तिथेच कुणाला तरी देऊन टाका. तुम्हाला तिचं साधं ऑइल बदलता येत नाही." ते खरं होतं, म्हणूनच मला राग आला.

त्या गाडीचा पेट्रोलचा पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला होता. आत एक रबरी पडदा असतो. इंजिन फिरतं तसा तो वरखाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. इंजिन तापलं की पंपही तापतो. बेहालाच्या रस्त्यावर उन्हात एका सिग्नलला दहा मिनिटं अडकलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, आणि मागच्या हॉर्नच्या शिव्या खात उभे राहा. डोक्यावरून मेट्रो जायची. गार डब्यात बसलेली माणसं खाली बघतायत असं मला वाटायचं. बायको पर्समध्ये पाण्याची बाटली आणि फडकं ठेवूनच बाहेर पडायची. तिने एकदा ते फडकं माझ्यापुढे धरून विचारलं, "यालाही हळदकुंकू वाहू का?" मुलगी हसली. मी दोन दिवस दोघींशी नीट बोललो नाही.

मिस्त्री आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्यांवर. इथे मोहल्ल्याला पाडा म्हणतात आणि प्रत्येक पाड्याचा एक क्लब असतो. तिथे कॅरम चालतो, दुर्गापूजेची वर्गणी ठरते आणि भांडणंही मिटवली जातात. त्या क्लबच्या भिंतीला टेकून मिस्त्रीची पत्र्याची शेड. जागा क्लबची. तीस वर्षांपूर्वीच्या कुणा सेक्रेटरीने त्याला बसू दिलं, तेव्हापासून तो तिथे आहे. साठीच्या पुढचा, बारीक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. अख्खा पाडा त्याला मिस्त्रीदा म्हणायचा. मी नुसतं मिस्त्री म्हणायचो, आणि माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाशी 'तुम' म्हणून बोलायचो.

त्याने पंपाचा पडदा बदलला, आणि पंप व इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा घालू असं सुचवलं. मला ते भिकार वाटलं. मी रात्रंदिवस मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं वाचत होतो. त्यांनी इलेक्ट्रिक पंप बसवले होते. टाकीजवळ थंड जागी बसणारा, बॅटरीवर चालणारा. कल्पना योग्यच होती. पंप मात्र मी नुसता फोटो पाहून मागवला, आणि त्यातला सर्वांत दणकट मागवला. जास्त ते चांगलं, अशी माझी समजूत.

मिस्त्रीने तो पंप हातात घेऊन उलटसुलट केला. नळीचं एक टोक पेट्रोलच्या डब्यात टाकलं, दुसरं सोड्याच्या रिकाम्या बाटलीत, आणि पंपाच्या तारा बॅटरीला टेकवल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाटली भरून पेट्रोल बाहेर उसळलं. तो हसायला लागला. याने आगीचा बंबसुद्धा चालेल म्हणे.

"दादा, इससे तो दमकल का काम हो जाएगा! ये नया गाड़ी का पाम्प है. आपका कार्बोरेटर का सुई इतना प्रेशर रोकेगा नहीं."

कार्बोरेटरला लागतो त्याच्या निदान दहापट दाब तो पंप देत होता, आणि आतली पेट्रोल अडवणारी सुई तो थोपवू शकणार नव्हती. त्याचं म्हणणं असं, की एक तर हा परत करून कमी दाबाचा आणा, नाहीतर मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवावा लागेल. तो मल्लिकबाजारात मिळेल, सोमवारी आणतो.

शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी घरी गेलो आणि एक कागद तयार केला.

या कागदाबद्दल लिहिताना आजही माझे कान तापतात. इंग्रजीत तीनच ओळी. पंप मालकाने दिला आहे. तो बसवून चालू करून देण्याचं काम मिस्त्रीचं. बसवल्यानंतर गळती किंवा नुकसान झाल्यास जबाबदारी पूर्णपणे मिस्त्रीची. माझ्या ऑफिसात असल्या ओळींना फार मान आहे. चुकीचा माल आम्ही निवडतो, कंत्राटदार तोंडी सांगतो की साहेब हे चालणार नाही. आम्ही म्हणतो, कागदावर दाखव. कागदावर त्याचं म्हणणं नसतंच, कारण कागद आम्ही लिहिलेला असतो. अशा कागदांवर मला दोन बढत्या मिळाल्या आहेत.

मुलीला दुभाष्या म्हणून बरोबर नेलं होतं. ती इथेच शाळेत वाढलेली, बारावीला आहे, बंगाली तिला मराठीहून बरं येतं. मिस्त्रीने कागद लांब धरून पाहिला.

"क्या लिखा है इसमें?"

"यही, कि काम तुम करोगे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने तिन्ही ओळी वाचल्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मिस्त्रीने हात पुसले आणि बंगालीत एकेक अक्षर काढत सही केली.

"और वो रेग्युलेटर, दादा?"

"कागज़ में नहीं है," मी म्हणालो. "जो लिखा है, उतना करो."

त्याने पंप बसवला. शनिवारी संध्याकाळपर्यंत बसून, टाकीपासून नळी नवीन, तारा कापडी पट्टीत गुंडाळलेल्या, नावं ठेवायला जागा नाही असं काम. पण तारेतला काचेचा फ्यूज त्याने काढून घेतला. फ्यूजशिवाय पंप चालणार नव्हता आणि पंपाशिवाय गाडी. माझ्या हट्टाखातर गाडी शेडसमोर न ठेवता ढकलत आमच्या पार्किंगमध्ये आणली. मी आत स्टिअरिंग धरून बसलो होतो. मागून मिस्त्री आणि त्याच्या गल्लीतला चहावाला ढकलत होते. मग त्याने स्टिअरिंगला लाल कापड बांधलं. अर्धवट आणि धोक्याचं काम सोडताना तो नेहमी तसं करायचा.

"ये लाल कपड़ा जब तक है, चाबी मत लगाना. सोमवार को मैं रेग्युलेटर लाकर लगाएगा. पैसा आप नहीं देंगे तो भी लगाएगा."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. हा मला दान देणार!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मराठी मंडळात मंगळागौरीचा कार्यक्रम होता. मंडळात पुण्या-मुंबईहून बदलून आलेले माझ्यासारखेच अधिकारी. त्यांना मी आठवडाभर सांगत होतो, की वडिलांच्या गाडीला मी नवा पंप बसवतोय, रविवारी घेऊनच येतो. सकाळी मी पार्किंगमध्ये गेलो. डॅशबोर्डच्या कप्प्यात वडिलांची डबी असते, जुनी, खोकल्याच्या गोळ्यांची. तिच्यात ते सुटे फ्यूज ठेवायचे, कापसात गुंडाळून. मी लाल कापड सोडलं. मुलगी मागे उभी होती.

"बाबा, त्यांनी नाही म्हटलं ना?"

"त्याला काय कळतंय? टॉर्च धर."

तिने टॉर्च धरला.

किल्ली फिरवली तशी गाडी एका क्षणात चालू झाली. मागून पंपाचा बारीक आवाज येत होता. मी बायकोला म्हणालो, "ऐकतेस?" ती नऊवारी सावरून बसली होती, नाकात नथ. पहिला सिग्नल ओलांडला आणि गाडी आचके द्यायला लागली. मागे काळा धूर. पेट्रोलचा वास. मुलगी म्हणाली, "बाबा, थांबव." मी म्हणालो, "नवीन पंप आहे, वास येणारच." बायको म्हणाली, "अहो, डोळे चुरचुरतायत." मी आणखी एक सिग्नल ओलांडला. हे मी सोडून देऊ शकलो असतो, कुणाला कळलं नसतं. दोघी थांब म्हणत होत्या आणि मी आणखी एक सिग्नल ओलांडला.

शेजारून चाललेल्या बसचा कंडक्टर पत्र्यावर थापा मारत ओरडायला लागला. "ओ दादा! तेल पोडछे! आगुन लागबे!"

मी किल्ली बंद केली. बॉनेटखालून पेट्रोलची धार रस्त्यावर पडत होती. फुटपाथवरच्या चहावाल्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि उकळत्या चहाचं अख्खं भांडं स्वतःच्या शेगडीवर ओतलं. निखारे विझले. शेजारच्या बांधकामावरची दोन माणसं घमेल्यातून वाळू घेऊन धावली. बायको नऊवारीत, अनवाणी, मुलीचा दंड धरून दुभाजकावर उभी होती. चप्पल गाडीतच राहिली होती. काही पेटलं नाही. यात माझं काहीही कर्तृत्व नाही.

मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला राग येतो. आग लागली असती तर, हा विचार डोक्यात आला की त्याच्या पुढचा विचार 'कुणामुळे' हा होता, आणि तिथे मला उभं राहायचं नव्हतं. दोघींना रिक्षात बसवून घरी आणलं, गाडी ओढून आणवली, आणि दुपारी तो कागद घेऊन मी क्लबात गेलो.

रविवार असल्याने क्लब भरलेला. मी कागद कॅरमच्या बोर्डावर आपटला. माझं कुटुंब जळून मेलं असतं, असं ओरडलो. याची सही आहे, असं ओरडलो. सेक्रेटरीने इंग्रजी वाचलं, मान डोलावली आणि कुणाला तरी मिस्त्रीला बोलवायला पाठवलं. तो लुंगीवर आला, हात ओले, जेवणावरून उठवलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून फ्यूज काढला आणि बोर्डावर, सोंगट्यांच्या मध्ये ठेवला.

"फ्यूज तो मेरे पास है. गाड़ी चला कैसे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढा वेळ पुरेसा होता. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

"मुझे क्या मालूम? ये कोई दूसरा होगा," मी म्हणालो. "तुमने निकाला ही नहीं होगा."

दारात माझी मुलगी उभी होती. माझ्या मागोमाग कधी आली, मला कळलं नव्हतं. मिस्त्रीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचा चेहरा पाहून त्याला सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो. त्याने तिला फक्त विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. फ्यूज उचलला आणि निघून गेला.

घरी येताना ती चार पावलं मागून चालत होती. जिन्यात म्हणाली, "बाबा, तू खोटं बोलला. ऑफिसमध्येपण तू असाच करतो का?"

मी तिला मोठ्यांशी कसं बोलावं यावर भाषण दिलं.

दहा-बारा दिवसांनी बायको मासळीबाजाराच्या बाजूने भाजी घेऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिथेच उभी राहिली. "मिस्त्रीला उठवतायत. पूजेच्या मांडवाआधी जागा रिकामी कर म्हणाले. तुमच्या कागदामुळे."

क्लबला ती जागा बरीच वर्षं हवी होती, हे मला नंतर कळलं. तिथे त्यांना स्वतःच्या मोटारसायकली लावायच्या होत्या. इतके दिवस पाड्याला तोंड दाखवायचं कसं म्हणून गप्प होते. माझ्या कागदाने त्यांना सबब दिली. त्या सेक्रेटरीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. तीस वर्षं तिथे बसलेला माणूस त्याने तीन ओळींवर उठवायला काढला. पण त्याच्यावर रागावताना मला दर वेळी स्वतःचं टेबल दिसतं, आणि त्यावरच्या फायली. मग मी आणखीच चिडतो.

तरीही मी गेलो नाही. महिना गेला. गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडली. ऑफिसात शिपायावर ओरडलो. घरात जेवताना मीठ जास्त म्हणून ताट सरकवलं. बायको शांतपणे म्हणाली, "मीठ बरोबर आहे. तुम्ही मिस्त्रीकडे जाऊन या." मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही बहुतेक हिंदीत.

विश्वकर्मापूजेच्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो. त्या दिवशी इथे प्रत्येक गॅरेज, प्रत्येक लेथ, रिक्षाचा प्रत्येक स्टँड सजतो. मूर्ती बसते, लाउडस्पीकर लागतो, हत्यारांना हात लावत नाहीत. मी मुद्दाम क्लबच्या गल्लीने गेलो की पाय तिकडे वळले, सांगता येत नाही. मिस्त्रीच्या शेडमध्ये या वर्षी मूर्ती नव्हती. जाणाऱ्याला मूर्ती कशाला, असं कुणीतरी म्हटलं असणार. त्याने वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर नट आवळायचे सगळे पाने ओळीने मांडले होते, घासून पुसून, लहानापासून मोठ्यापर्यंत. प्रत्येकावर एक झेंडू.

माझे वडील दसऱ्याला अगदी असेच पाने मांडायचे. लहानापासून मोठ्यापर्यंत. त्या दिवशी शेजाऱ्याची सायकल पंक्चर झाली तरी ते म्हणायचे, आज नाही, आज त्यांची सुट्टी. हाताला काम येणाऱ्या माणसाला ते कधी अरेतुरे करत नसत. ऑफिसला गेलो नाही. घरी परत आलो.

मुलगी शाळेला निघाली होती. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. "याच्याखाली बंगालीत लिहून दे. मी सांगतो ते."

"काय?"

"पंप मी चुकीचा आणला. मिस्त्रींनी फ्यूज काढला होता, गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. फ्यूज मी बसवला. क्लबमध्ये मी खोटं बोललो."

तिने पेन काढलं. लिहिता लिहिता थांबून म्हणाली, "मी टॉर्च धरला होता, तेपण लिहू?"

"नाही. ते मी धरायला लावलं होतं."

मी सही केली. मग दोघं क्लबात गेलो. सेक्रेटरी होता, पूजेच्या वर्गणीची माणसं होती. तिने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सेक्रेटरी म्हणाला, आता निर्णय झालाय दादा, असं रोज रोज बदलता येत नाही. मी आवाज चढवला. म्हणालो, माझ्या कागदावर निर्णय झाला, तो कागद खोटा होता, आणि हे मी पाड्यातल्या प्रत्येक दारात जाऊन वाचून दाखवीन. आयुष्यात पहिल्यांदा योग्य कारणासाठी ओरडलो असेन. वर्गणीवाल्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मिस्त्रीदा कुठेही जाणार नाही, विषय संपला. सेक्रेटरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

पण माझा विषय संपला नव्हता. मी शेडपाशी गेलो. मिस्त्री स्टुलावर बसला होता, धुतलेला सदरा घालून. मला पाहून उठला नाही.

"आज काम नहीं होगा दादा. आज औज़ार को हाथ नहीं लगाता. कल आइए."

"काम के लिए नहीं आया."

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग खालच्या फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत पितळी गोल रेग्युलेटर, डोक्यावर स्क्रू असलेला. "सोमवार को ले आया था. आपका ही है. ले जाइए."

मी ती पिशवी घेतली नाही. मुलगी माझ्याशेजारी उभी होती. या वेळी दुभाष्या म्हणून मी तिला पुढे केलं नाही. माझं बंगाली मोडकं आहे, हिंदी ऑफिसचं. जे आलं ते बोललो.

"दादा, फ्यूज मैंने लगाया था. आपने मना किया था. सबके सामने मैंने झूठ बोला, और आपने मेरी बेटी से कुछ नहीं पूछा. उस कागज़ में क्या लिखा था, वो भी मैंने आपसे छुपाया. भूल मेरी थी, पूरी की पूरी. मुझे माफ़ कर दीजिए."